सुप्याचा बाजार आणि सावकाराचे दप्तर

पुणे आणि सुपे या दोन परगण्यांची नावे मराठ्यांच्या इतिहासात जोडीने येतात, आणि शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ती शाळेत जाणाऱ्या मुलालाही परिचित असतात. परंतु त्याच सुप्यात दोन शतकांहून अधिक काळानंतर जी घटना घडली, आणि जिच्यामुळे या देशातील शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न प्रथमच सरकारच्या दप्तरी स्वतंत्र प्रश्न म्हणून नोंदला गेला, तिची आठवण आज त्या पंचक्रोशीबाहेर फारशी कोणी ठेवलेली नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतून जमलेले कुणबी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता ते बारामती तालुक्यात मोडते. तेथील व्यापार आणि देवघेव बव्हंशी गुजर व मारवाडी सावकारांच्या हाती होती. त्या दिवशी दुकाने लुटली गेली, धान्य आणि कापड रस्त्यावर आले; पण ही केवळ लूट नव्हती, हे पुढच्या काही दिवसांत स्पष्ट झाले.

दंगा भीमथडीतून इंदापूर, शिरूर, हवेली या तालुक्यांत आणि अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे स्वरूप एकच राहिले. जमाव सावकाराच्या दारी जाई आणि कर्जखते, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढून देण्याची मागणी करी. कागद हाती आले की त्यांची होळी होई, आणि जेथे सावकाराने ते निमूटपणे दिले तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. मारहाण आणि जाळपोळ झाली, ती मुख्यतः कागद नाकारले गेले तेथे. जेथे सावकारी परंपरेने गावातल्याच ब्राह्मणाच्या हाती होती, तेथे फारसे कोणी फिरकले नाही. पोलीस आणि लष्कराच्या तुकड्या गावोगाव फिरल्या. एकूण ९५१ माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातही असाच एक दंगा झाला, आणि मग सर्व शांत झाले.

माणसे सोडून कागदावर राग काढणाऱ्या या शेतकऱ्यांना तत्कालीन काही अधिकाऱ्यांनी अडाणी म्हटले. मला मात्र असे वाटते की, आपल्या दुःखाचे मूळ कोठे आहे हे त्यांना त्या अधिकाऱ्यांपेक्षा अधिक अचूक कळले होते. सावकार नवा नव्हता आणि कर्जही नवे नव्हते. नवे होते ते त्या कागदाचे सामर्थ्य.

मराठेशाहीत कुणबी कर्ज काढीत नसे, असे कोणी समजू नये. त्या काळातही सावकार गावाचा सारा भरून देई, बी-बियाण्याला आणि लग्नाला पैसा देई, आणि तो वसूल करताना दाराशी धरणे धरण्यापासून माणूस अडकवून ठेवण्यापर्यंत सर्व उपाय करी. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्याचा जो प्रघात पाडला, त्याने तर रयतेची कंबरच मोडली, आणि तो काळ सुखाचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि सावकाराचे बळ तेव्हा गावाच्या बळापुढे तोकडे होते. तंटा पंचायतीपुढे जाई, पंच दोन्ही पक्षांचे पीकपाणी पाहून निवाडा करीत, व्याज मुद्दलाच्या बरोबरीपुढे जाऊ नये हा दामदुपटीचा नियम सर्वांना मान्य असे, आणि मिरासदाराची वडिलोपार्जित जमीन केवळ कर्जापोटी लिलावात काढून परगावच्या माणसाला देण्याची कल्पना सावकाराच्याही मनात सहसा येत नसे.

१८१८ साली पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल आला, तरी हे सर्व एकाएकी बदलले नाही; ते हळूहळू, एकेका कायद्याने बदलले, आणि म्हणूनच ते ओळखावयास वेळ लागला. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविणारी पाहणी केली. ती इतकी चुकली की १८३० नंतरच्या काही वर्षांत कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली, सारा उतरविला, तो तीस वर्षांसाठी कायम केला, आणि प्रत्येक खातेदाराला आपले खाते विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क दिला. हेतू चांगला होता, हे नाकारता येत नाही. परंतु ज्या क्षणी जमीन विकता येऊ लागली त्याच क्षणी ती जप्तही होऊ लागली, आणि सावकाराला पूर्वी जे तारण कधीच उपलब्ध नव्हते ते घरबसल्या मिळाले. सारा रोख भरावयाचा, हप्त्याची तारीख ठरलेली, आणि ती तारीख धान्याला बरा भाव येण्याची वाट पाहणारी नव्हती. तेव्हा सरकारचा रुपया सावकाराच्या पेटीतूनच जावा, अशी ती व्यवस्था आपोआप झाली.

कायद्यांची साखळी यापुढे लांबतच गेली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या १८२७ च्या संहितेत व्याजाला वार्षिक १२ टक्क्यांची मर्यादा होती. १८५५ च्या कायद्याने ती उठली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा केला पाहिजे असे ठरले. जुन्या कर्जाचे भूत कुळाच्या मानगुटीवर पिढ्यान्‌पिढ्या बसू नये हा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात काय झाले, हे पाहावयाचे तर एखादे कर्जखत समोर घेतल्यासारखे बारकाईने पाहिले पाहिजे.

समजा एका कुळाने १०० रुपये घेतले, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने. त्या काळच्या मानाने हा दर भारी नव्हे. याहून कितीतरी जबर दर चालत. हाती रक्कम पडतानाच मनोती (सावकाराची दस्तुरी), कागदाचा खर्च, लिहिणावळ वळती होई, म्हणजे कागदावर शंभर आणि पदरात त्याहून कमी. स्टँपाच्या कागदावर मजकूर लिहिणारा सावकाराच्या ओळखीचा, वाचून दाखविणारा तोच, साक्षीदारही बहुधा दुकानात बसलेलेच; कुळाला अक्षर येत नसल्याने खाली नांगराचे चिन्ह काढावयाचे आणि शेजारी लेखकाने ‘निशाणी नांगर’ असे लिहावयाचे. तीन वर्षे भरत आली की दाव्याची धमकी देऊन नवे खत करून घ्यावयाचे. त्यात व्याजाचे ७२ रुपये मुद्दलात मिळून १७२ होत. आणखी तीन वर्षांनी तिसरे खत, सुमारे २९६ रुपयांचे. नवव्या वर्षाच्या शेवटी हिशेब ५०० रुपयांच्या वर गेलेला असे. दामदुपटीचा नियम कोर्टाने मोडलेला नव्हता. पण प्रत्येक नव्या खताने मुद्दलच नवे होत असल्याने तो नियम बिचारा कधी लागूच पडत नसे. मधल्या काळात कुळाने जे धान्य, जे तूप, जो कडबा सावकाराच्या घरी पोचता केला, त्याची पावती नाही. आणि जुने खत फाडून टाकले की नाही, हे कुळाला कळण्याचा मार्ग नाही. मुन्सफाच्या कोर्टात समन्स निघे, तालुक्याचे गाव दूर असे, वकिलाला पैसा नसे, कुळ हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मुन्सफाने कागद पाहावयाचा आणि कागद खरा असेल तर निकाल द्यावयाचा. कागदामागचा व्यवहार खरा होता की खोटा, हे विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. पंचायतीने जे प्रथम विचारले असते, ते विचारावयाची कायद्याने मनाईच केली होती.

अशा स्थितीतही काही वर्षे बरी गेली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या बाजारात रुपयांचा पूर लोटला, आणि त्याच सुमारास रेल्वेच्या कामांवर मजुरी व गाडीभाडे मिळू लागले. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला, कुळेही घेऊ लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. तेजीच्या वर्षांकडे पाहून केलेल्या या आकारणीत सारा कोठे कोठे निम्म्याहून अधिक वाढला. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. १८७४ च्या अखेरीस सरकारने वाढीला मर्यादा घातली, पण तोवर उशीर झाला होता. सावकाराने पुढचे कर्ज देणे थांबविले आणि मागचे वसूल करण्यास आरंभ केला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका मारवाडी सावकाराने तेथील देशमुखाच्या घरावर हुकूमनामा बजावला, तेव्हा गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणक्या, घरगडी, कोणीही त्याचे काम करीना. ही पद्धत जुनीच होती, आणि तिच्यात हिंसा नव्हती. ती गावोगाव पसरली, आणि पाच महिन्यांनी सुपे पेटले.

या दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनचा अहवाल वाचताना एक गोष्ट मनाला स्पर्श करते. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो, असे शहरातील सुशिक्षित तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. कमिशनने मात्र स्पष्ट लिहिले की, या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. त्याने पाहिलेल्या गावांत सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात रुतलेले होते, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या १८ पट होते, आणि त्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ याच माणसांवर कोसळला.

पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी कैद बंद केली, पावती देणे सक्तीचे केले, आणि खास गहाण न टाकलेली जमीन विकण्यास प्रतिबंध केला. या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी अनेक वर्षे काम केले. गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या दाराशी न्याय नेणारा असा न्यायाधीश त्या काळी विरळा होता. ज्या शेतकऱ्याची दैना जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली, त्याला या कायद्याने थोडाफार आधार मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु सावकार गप्प बसला नाही. गहाणखत धोक्याचे झाले, तेव्हा त्याने खरेदीखत मागावयास सुरुवात केली: कागदावर जमीन विकलेली, आणि पैसे फिटले की परत देईन, हे तोंडी. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळण्याची दुसरी सोय केल्याशिवाय कोणताही कायदा पुरा पडणार नाही, हे रानड्यांनी आणि विल्यम वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने ओळखले होते. पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची त्यांची योजना हिंदुस्थान सरकारनेही उचलून धरली होती; विलायतेतील मंत्र्याने ती नाकारली. माझ्या मते दंगलीनंतरच्या सर्व काळातील हा सर्वांत मोठा तोटा होय.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या खटपटीने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, आणि तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग अवघा ३.१ टक्के होता. त्यानंतर महाराष्ट्रात सहकार वाढला, बँका खेड्यांत गेल्या, आणि २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफ्याही झाल्या. पण माफी होते ती बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाची. थकबाकीदार म्हणून ज्याला सोसायटीचे दार बंद झाले, जो दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसतो आणि म्हणून ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याने बियाणे आणि खत दुकानातून उधारीवर उचलले आहे, त्याचे कर्ज कोणत्याही यादीत येत नाही. तो खाजगी सावकाराकडेच जातो, आणि तेथे आजही त्याच्यापुढे खरेदीखतच ठेवले जाते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत छायाचित्र काढून, अंगठा उमटवून, पूर्ण कायदेशीर.

म्हणून १८७९ च्या त्या जुन्या कायद्याचे तत्त्व आपण विसरता कामा नये. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ याने ते एका अर्थी परत आणले आहे: सावकारीच्या व्यवहारात खरेदीखताच्या आड जमीन घेतली गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, तो मूळ व्यवहाराची चौकशी करू शकतो, आणि ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देववू शकतो. हा अधिकार वापरावयाचा तर अर्ज लिहावा लागतो, दिल्याघेतल्याच्या नोंदी जुळवाव्या लागतात, आणि कर्जदाराबरोबर कचेरीत जाऊन उभे राहावे लागते. खेड्यातून शिकून बाहेर पडलेल्या वाचकांनी आपापल्या गावी हे काम अंगावर घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.