शाळेतली प्रतिज्ञा आणि हैदराबादची एक जुनी गोष्ट



मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एका ताईंनी मला गाठले. त्यांचा मुलगा इथेच, हैदराबादच्या एका शाळेत सहावीला आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, शपथ मुळीच वाहू नका असे प्रभू येशू सांगतो ना? मग हा रोज सकाळी हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतो, ते चालते का?" मी म्हटले, पुढच्या रविवारी सांगतो. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. एका वाक्यात देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शोधायला बसलो, तर धागा फिरून फिरून याच शहरात येऊ लागला.

आधी प्रतिज्ञेविषयी. 'भारत माझा देश आहे' ही आपल्याला पाठ असते ती मराठीतून, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरून. त्यामुळे ती कोणा मराठी गुरुजींनी लिहिली असावी असेच मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. ती मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ साली. लिहिणारे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. चीनशी युद्धाचा तो काळ. तेन्नेटी विश्वनाथम यांनी तो मजकूर आंध्र प्रदेशचे शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्यापर्यंत पोहोचवला. १९६३ मध्ये विशाखापट्टणमच्या एका शाळेत तो प्रथम म्हटला गेला. १९६४ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगळूरला एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली झाली, तिथे तो देशभरासाठी स्वीकारला गेला आणि २६ जानेवारी १९६५ पासून सगळीकडे सुरू झाला. लेखकाचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत कित्येक दशके छापले गेले नाही. १९८८ मध्ये ते वारले.

या सुब्बारावांचे गाव अन्नेपर्ती, नलगोंडा जिल्ह्यातले. १९१६ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा नलगोंडा निजामाच्या राज्यात होते, जसे आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. त्या राज्यातल्या शाळांत निजामाला दीर्घायुष्य चिंतणारे राज्यगीत म्हटले जाई. माध्यमिक शिक्षण उर्दूतून असे. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. परकी इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे श्रेय द्यायलाच हवे. पण तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती देशी भाषाही घरची नव्हती.

या उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू मुलांसाठी प्रार्थनेची वेगळी खोली असे. १९३८ च्या अखेरीस तिथे मुले 'वंदे मातरम्' म्हणू लागली. राज्यात तेव्हा स्टेट काँग्रेसचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह पेटलेला होता, तेव्हा हा योगायोग नव्हता. विद्यापीठाने बंदी घातली. ही आमची प्रार्थना आहे, असे विद्यार्थी म्हणत. हे राजकारण आहे आणि इतरांना दुखावणारे आहे, असे विद्यापीठ म्हणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते असे मला वाटते. काँग्रेसच्या कार्यकारिणीनेच आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, मुस्लिमांचा आक्षेप विचारात घेऊन या गीताची फक्त पहिली दोन कडवी म्हणावीत असे ठरवले होते, कारण पुढच्या कडव्यांत देवींची नावे येतात. आपल्यालाही त्या ओळींशी अडखळायला होते, हे इथे मोकळेपणी लिहून टाकतो.

पण निजाम सरकारने जे केले त्याला समजूत म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडो मुलांची नावे पटावरून गेली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही हे लोण पोहोचले. जी मुले माफी लिहून द्यायला तयार नव्हती त्यांना राज्यात शिकण्याची वाट उरली नाही. ती नागपूरला गेली. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले आणि हैदराबाद राज्यातली मुले नागपूर विद्यापीठात शिकू लागली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या या तेलुगू माणसाने हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' तेलुगूत नेली, त्यामागे मराठी मुलखातली ही वर्षे होती.

एक गोष्ट इथे सांगितली नाही तर आपणच अन्याय करू. याच निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना, रेव्ह. नारायण शेषाद्री यांना जालन्याजवळ ख्रिस्ती वस्तीसाठी जमीन मिळाली आणि तिथे बेथेल गाव उभे राहिले. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळे त्या मातीत आहेत. राज्य एकच. त्याने एका पिढीला उपासनेसाठी जागा दिली आणि दुसऱ्या पिढीतल्या मुलांना एका गीतासाठी बाहेर काढले.

आता उलटी बाजू. २६ जुलै १९८५ रोजी केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढले, तेही राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल. दहावीतला भाऊ, नववीतली आणि पाचवीतली बहीण. ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, गोंधळ करत नसत, पण गात नसत. देवाच्या स्तुतीखेरीज इतर असे गाणे त्यांच्या विश्वासात बसत नव्हते. कोणी तक्रार केली, विषय विधानसभेत गेला, चौकशी झाली. मुलांच्या वर्तनात काही खोट सापडली नाही, तरी त्यांना काढले. उच्च न्यायालयात ती हरली.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल फिरवला. तो लिहिणारे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी पूर्वी हैदराबादलाच, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही. जो आदराने उभा राहतो तो अपमान करत नाही. आणि एखादी श्रद्धा न्यायाधीशाला पटते का हा प्रश्नच नाही; ती मनापासून धरलेली आहे का, एवढेच पाहायचे. राज्यघटनेतली १९ आणि २५ ही कलमे त्या मुलांच्या पाठीशी उभी राहिली.

यहोवाच्या साक्षीदारांची शिकवण आणि आपली शिकवण एक नाही. त्रैक्याविषयीच आपले पटत नाही. राष्ट्रगीत न गाण्याचे त्यांचे कारणही मला पटत नाही. मी ते मोठ्याने गातो. तरी त्या तीन मुलांनी जे राखले त्याची सावली आपल्या लेकरांवरही आहे. उद्या एखाद्या शाळेत आपल्या मुलाला मूर्तीपुढे हात जोडायला सांगितले, तर वकील हाच निकाल घेऊन उभा राहील. २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकांना प्रार्थनेच्या वेळी हात न जोडल्याबद्दल सोसावे लागले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचीच बाजू घेतली. ते ख्रिस्ती नव्हते.

दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांच्याविषयी एक गोष्ट आपण रविवारच्या शाळेत पटकन ओलांडून जातो. ते तिघे बाबेलच्या राजाचे नोकर होते, प्रांताचे कामकाज पाहत होते. राजाचे काम त्यांनी नाकारले नव्हते. वाद्ये वाजली की वाकायचे, एवढेच नाकारले. भट्टीतून बाहेर आल्यावर ते पुन्हा त्याच राजाच्या कामावर रुजू झाले. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने रोमच्या बादशहाला पत्र लिहिले, त्यातही हेच दिसते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांना तो बादशहाच्या मूर्तीपुढे धूप घालायला आणि ख्रिस्ताला शाप द्यायला लावत होता. पण त्याच पत्रात तो सांगतो की हे लोक पहाटे जमून स्वतःला एका शपथेने बांधून घेतात. कसली शपथ? चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही.

म्हणजे मत्तय ५:३३-३७ वाचलेल्या मंडळीनेही शब्दाने बांधून घेणे टाळले नव्हते. प्रभूचा रोख देवाच्या नावाचा वापर करून खोट्याला खरेपणा आणण्यावर आहे, असे मी समजतो. काही ख्रिस्ती बांधव तो शब्दशः पाळतात आणि कोर्टातही शपथ घेत नाहीत. आपल्या राज्यघटनेने त्यांचीही सोय केली आहे: तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याने वा खासदाराने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, दोन्ही चालते. आणि शाळेतल्या प्रतिज्ञेत तर कोणत्याही देवाचे नाव नाही. पालक, शिक्षक, वडीलधारे, देश आणि त्यातली माणसे, एवढेच आहे. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना त्या नगराचे हित पाहायला सांगितले होते. मला त्यात आणि यात विरोध दिसत नाही.

ताईंना मी हे सांगितले. म्हटले, मुलाला खुशाल म्हणू द्या, पण त्यातला एकेक शब्द काय सांगतो ते घरी बसवून समजावा. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारले, "आणि भाऊ, आपल्या मिशन शाळांत हिंदू-मुस्लिम मुलांना सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायला लावतात, त्याचे काय?"

मला क्षणभर बोलता आले नाही. राज्यघटनेचे कलम २८(३) सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे कलम आपल्या शाळांनाही लागू आहे. मी स्वतः अशा एका शाळेत शिकलो. माझ्या शेजारी बसणारा मित्र रोज आमची प्रार्थना म्हणायचा. त्याच्या आईवडिलांना कोणी कधी विचारले असेल असे मला वाटत नाही, आणि मलाही तेव्हा तो प्रश्न सुचला नाही.

आपल्या मंडळीतल्या तिघी शिक्षिका आहेत, त्यांच्याशी मी बोललो. एकीचे म्हणणे, मुले हौसेने म्हणतात, उगाच कशाला उकरायचे. दुसरीचे म्हणणे, प्रवेशाच्या वेळीच एक कागद भरून घ्यावा. तिसरी अजून विचार करते आहे. उपवासकाळ संपला की एका संध्याकाळी बसून बोलायचे ठरले आहे. ज्यांची मुले मिशन शाळांत आहेत त्यांनी जरूर यावे, आणि शेजारच्या पालकांनाही बोलवावे.