फॉस्टर, पॉप्स

(१९ मे १८९२ – २९ ऑक्टोबर १९६९). अमेरिकन जॅझवादक. संपूर्ण नाव जॉर्ज मर्फी फॉस्टर. जन्म लुइझिॲना राज्यातील मॅकॉल येथे. बालपणीच तो न्यू ऑर्लीअन्सला आला. तेथे किड ओरी, किंग ऑलिव्हर इत्यादींच्या व पुढे मिसिसिपीतील आगबोटींवर फेट मॅरेबलच्या वाद्यवृंदांत त्याने साथ केली. तत्कालीन वाद्यवृंदांत खर्जाच्या साथीसाठी ट्यूबा हे मोठ्या आवाजाचे पितळी सुषिरवाद्य रूढ होते. तेही त्याने हाताळले. तथापि १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रणामुळे डबल बेस या तंतुवाद्याचा नाद स्पष्ट उमटू लागला. १९२९ पासून लुईस रसेलच्या न्यूयॉर्कमधील वाद्यवृंदात फॉस्टरने तार ओढून अंगुलिपट्टीवर आपटू देण्याची न्यू ऑर्लीअन्सची वादनपद्धती प्रभावीपणे योजिली. ट्यूबाचे स्थान डबल बेसला मिळण्यास तिचा हातभार लागला. १९३५ मध्ये या वाद्यवृंदाचे नेतृत्व लूई आर्मस्ट्राँगकडे आले. १९४० नंतर फॉस्टरला काही काळ भुयारी रेल्वेत नोकरी करावी लागली. परंतु पारंपरिक जॅझच्या पुनरुज्जीवनामुळे तो पुन्हा वादनाकडे वळला. सॅन फ्रॅन्सिस्को येथे तो निधन पावला. त्याचे आत्मचरित्र १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.