भविष्यकाळाचे शिपाई

खेळण्यांचा इतिहास हा विषय आपल्याकडे विद्वानांच्या पंक्तीस अद्याप बसलेला नाहीं. राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी, तहांचीं कलमें यांचा आपण कसोशीनें शोध घेतों. पण त्याच काळीं मुलें काय घेऊन खेळत होतीं हें विचारलें, तर चांगले चांगले इतिहासज्ञही निरुत्तर होतात. वास्तविक, एखाद्या समाजाला स्वतःविषयीं जें उघड बोलवत नाहीं, तें तो पुष्कळदां मुलांच्या हातीं देऊन मोकळा होतो. म्हणून येथें एका खेळण्याची वंशावळ शोधण्याचें योजिलें आहे. हें खेळणें म्हणजे नखशिखांत पांढऱ्या चिलखतांतला, काळ्या निर्विकार डोळ्यांचा, हातीं किरणास्त्र घेतलेला शिपाई. इंग्रजींत त्याला 'स्टॉर्मट्रूपर' म्हणतात. तो कोणत्याही देशाच्या सैन्यांत नाहीं. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' नामक अमेरिकन चित्रपटांत तो जन्मला. आज त्याच्या फूटभर उंचीच्या प्रतिकृति प्रौढ गृहस्थ आपल्या हौसेनें घेतात आणि काचेच्या कपाटांत ठेवतात.

या शिपायाचे पूर्वज शिशाचे होते. अठराव्या शतकांत न्यूरेंबर्गचे कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतीत. पुढें भरीव शिशाचे आले. ते दिसावयास चांगले, पण जड आणि महाग. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें एक साधी युक्ति काढली. शिशाचा रस साच्यांत ओतावयाचा, आणि साच्यास लागलेला बाहेरचा थर थिजतांच आंतला रस पुन्हां ओतून टाकावयाचा. हातीं उरे तो पोकळ शिपाई, वजनाला हलका आणि किमतीला स्वस्त. जर्मनांच्या ताब्यांतली इंग्रजी बाजारपेठ या पोकळीनें जिंकली. ब्रिटनच्या पेटींत एकेक खरी पलटण असे. डगल्याचा रंग, टोपीवरचा तुरा, भाल्यावरचें निशाण, सारें त्या पलटणीचें. हिंदी रिसाल्याचे फेटेवाले भालेकरीही त्यांत होते. म्हणजे मुलाच्या हातांत जो शिपाई येई त्याला नांव, देश आणि राजा असे. तो पडला तर कोणाचा तरी पडला, हें त्या खेळांत गृहीत असे. आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात आणि त्यावर कुंभाराकडचे मावळे मांडतात. त्या मावळ्यांनाही गड असतो, राजा असतो. तो खेळ याच जातीचा.

शिशाच्या शिपायांना वाङ्मयांत प्रतिष्ठा मिळवून दिली ती एच्. जी. वेल्स यानें. भविष्यकाळाच्या कथा लिहिणारा म्हणून आपण त्याला ओळखतों. परंतु १९१३ सालीं त्यानें 'लिट्ल वॉर्स' या नांवाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें, तें खेळण्यांतल्या लढाईचें शास्त्र होय. खोलीच्या जमिनीवर ठोकळ्यांचीं घरें उभारावयाचीं, स्प्रिंगच्या छोट्या तोफेंतून लाकडी गोळी सोडून समोरचे शिपाई पाडावयाचे. कोणी किती चालावें, एका चालीस किती वेळ घ्यावा, कैदी केव्हां धरावे, या सर्वांचे नियम त्यांत आहेत. पुस्तक हसतखेळत लिहिलेलें आहे. पण शेवटीं शेवटीं वेल्स गंभीर होतो. हें लहान युद्ध चारदोन वेळां खेळून पाहिलें म्हणजे खरें युद्ध किती अवजड आणि मूर्खपणाचें असेल तें कळतें, असें त्याचें म्हणणें. आणि ज्या राजांना व सेनापतींना लढाईची हौस आहे त्यांना एका प्रशस्त दालनांत खेळण्यांच्या सैन्यासह कोंडावें, म्हणजे बाकीचे लोक आपापल्या उद्योगास लागतील, असा उपाय तो सुचवितो.

पुढच्याच वर्षीं ऑगस्ट महिना उजाडला आणि युरोपांत वणवा पेटला. हें युद्ध म्हणजे सर्व युद्धांचा शेवट करणारें युद्ध, असे लेख लिहिण्यांत वेल्सच पुढें होता, आणि १९१८ सालीं शत्रूविरुद्ध प्रचार करणाऱ्या सरकारी खात्यांत त्यानें कामही केलें. त्याला दांभिक म्हणून निकालांत काढणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. १९०३ सालच्या 'लँड आयर्नक्लॅड्स' या कथेंत त्यानें खंदकांवरून चालून येणाऱ्या पोलादी गाड्यांचें वर्णन केलें होतें, आणि १९१६ च्या सप्टेंबरांत सॉम नदीच्या रणांगणावर खरेखुरे रणगाडे अवतरले. ज्याला युद्ध यंत्रांचें होणार हें इतकें आधीं दिसलें, त्याला खोलीच्या जमिनीवर मात्र घोडेस्वार, पायदळ आणि चिमुकल्या तोफा यांचीच लढाई खेळावीशी वाटली! यांत मला दंभ दिसत नाहीं, भय दिसतें. जें येणार म्हणून त्याला ठाऊक होतें तें त्यानें मुलांच्या खोलींत येऊं दिलें नाहीं.

तें शिरलें अमेरिकेंत. १९२९ च्या जानेवारींत 'बक रॉजर्स' ही पंचविसाव्या शतकांतल्या वीराची चित्रमालिका तेथील वृत्तपत्रांतून सुरू झाली, आणि १९३४ सालीं त्या वीराचें 'रॉकेट पिस्तूल' दुकानांत आलें. जगांतल्या कोणत्याही शस्त्रागारांत नसलेलें शस्त्र मुलें कमरेला लावून हिंडूं लागलीं.

यापुढचा टप्पा १९६४ चा. ऱ्होड आयलंडमधील हॅस्ब्रो कंपनीनें 'जी. आय. जो' नांवाचा सुमारें फूटभर उंचीचा शिपाई काढला. 'बार्बी' ही मुलींची बाहुली १९५९ पासून विकली जात होती. तिचे कपडे जसे निराळे विकत घ्यावयाचे, तसे याचे गणवेष, बंदुका आणि तंबू. कल्पना नामी होती, पण एक अडचण उरली. मुलगे बाहुलीशीं खेळत नाहींत, निदान त्यांचे बाप खेळूं देत नाहींत. तेव्हां कंपनीनें 'बाहुली' हा शब्दच वर्ज्य केला आणि 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्द काढला. आपण त्याला 'हालता वीर' म्हणूं. एका शब्दावर एवढा मोठा धंदा उभा राहिल्याचें दुसरें उदाहरण मला तरी आठवत नाहीं. त्याच्या गालावर एक व्रण होता, म्हणजे तो शूर हें सांगावयास नको!

हा वीर मुख्यतः दुसऱ्या महायुद्धांतला. त्या युद्धांत लढून आलेल्या बापांनीं तो मुलांना घेऊन दिला. परंतु दुसऱ्याच वर्षीं अमेरिकन पलटणी व्हिएतनामांत उतरल्या. तें युद्ध लोकांना जसजसें नकोसें झालें, तसतसा हा शिपाई गणवेष उतरवूं लागला. १९७० सालीं त्याचा साहसी प्रवासी झाला. दाढी आली, आणि शत्रूऐवजीं तो श्वापदें आणि गुप्त खजिने धुंडूं लागला. १९७३ च्या तेलटंचाईनें प्लॅस्टिक महागलें, आणि १९७६ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. जिवंत शिपाई शवपेट्यांतून घरीं परतत असतां खेळण्यांतल्या शिपायानें कोणत्या तोंडानें दुकानांत उभें राहावें, हा पेंच कंपनीला शेवटपर्यंत सुटला नाहीं.

तो पेंच सोडविला त्या पांढऱ्या चिलखतानें. २५ मे १९७७ रोजीं 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. खेळण्यांचे हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होते. पण चित्रपटाचें यश इतकें अनपेक्षित, कीं नाताळपर्यंत बाहुले तयार होईनात. तेव्हां कंपनीनें चक्क रिकामें पाकीट विकावयास काढलें. आंत पुठ्ठ्याचें एक चित्र आणि पुढें चार बाहुले पाठविण्याचें वचनपत्र! लोकांनीं तेंही घेतलें, आणि १९७८ च्या आरंभीं बाहुले टपालानें घरोघर पोंचले. त्यांची उंची पावणेचार इंच. फूटभर शिपायाच्या मापाचें आकाशयान केलें असतें तर तें कोणाच्या घरांत मावणार? त्या वर्षींच्या पहिल्या बारा बाहुल्यांत आपला स्टॉर्मट्रूपरही होता. त्याचें नांव पहिल्या महायुद्धांतील जर्मन हल्लेखोर तुकड्यांचें आणि पुढें हिटलरच्या तपकिरी सदऱ्यांच्या टोळ्यांचें. पण तें नांव आणि चिलखत एवढेंच त्याचें. त्याला चेहरा नाहीं, देश नाहीं, वाट पाहणारी आई नाहीं. असे कितीही पडले तरी कोणाला सुतक नाहीं.

यालाच कित्येक निरुपद्रवी खेळ म्हणतात. खऱ्या राष्ट्रांचा द्वेष मुलांच्या मनांत भरण्यापेक्षां हा काल्पनिक शत्रु बरा, असें त्यांचें म्हणणें, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण मला ब्रिटनची पेटी अधिक प्रामाणिक वाटते. शत्रूलाही पलटण असते, निशाण असतें, तोही कोणाचा तरी असतो, एवढें तिच्याशीं खेळणाऱ्या मुलास कळे. मुखवट्याआड कोणी नाहींच असें समजून गोळी झाडण्याची संवय ही कोणत्याही युद्धखात्याला हवीच असते.

ही वस्तु आहे तरी काय, असा प्रश्न न्यायालयांसही पडला. अमेरिकन जकातींत त्या काळीं बाहुली वेगळी आणि खेळणें वेगळें असे. बाहुलीवर कर अधिक असे. ज्या हॅस्ब्रोनें बाहुली हा शब्द टाळून पैसा केला तिलाच १९८९ सालीं अपील न्यायालयानें सांगितलें, कीं 'जी. आय. जो' ही बाहुलीच होय! उलट २००३ सालीं 'एक्स-मेन' या पात्रांचे बाहुले विकणाऱ्या कंपनीनें, हीं पात्रें मनुष्य नव्हेत, सबब बाहुल्या नव्हेत, असा युक्तिवाद केला, आणि तो मान्य झाला. त्या पात्रांची कथा काय, तर आपल्यालाही माणसांप्रमाणें वागवा म्हणून त्यांनीं जगाशीं केलेली झुंज. जकातीचे चार पैसे वांचविण्यासाठीं त्यांच्याच कैवाऱ्यांनीं त्यांना माणसांतून उठविलें.

इंग्लंडांतला खटला याहून खोल गेला. १९७६ सालीं लंडनजवळ ट्विकनहॅम येथें अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिरानें चित्रपटासाठीं हीं पांढरीं शिरस्त्राणें घडविलीं होतीं. पुढें त्यानें स्वतःच त्यांच्या प्रतिकृति विकावयास काढल्या, तेव्हां लूकस यांची कंपनी कोर्टांत गेली. शिरस्त्राण हें शिल्प ठरलें तर त्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ७० वर्षें टिके; न ठरलें तर तो कधींच संपलेला. २००८ च्या निकालांत न्यायमूर्तींनीं विटांच्या ढिगाचा दाखला दिला आहे. कलादालनांत मांडलेला ढीग शिल्प होऊं शकतो, आणि तसाच ढीग घरापाशीं बांधकामासाठीं टाकलेला असला तर तो नुसत्या विटा. फरक हेतूंत आहे. या न्यायानें शिरस्त्राण शिल्प नव्हे, कारण तें चित्रपटांत वापरण्यासाठीं. आणि स्टॉर्मट्रूपरचें खेळणेंही शिल्प नव्हे, कारण तें खेळण्यासाठीं. शिरस्त्राणापुरता हा निर्णय २०११ च्या जुलैंत तेथील सर्वोच्च न्यायालयानेंही कायम केला.

निकाल सुबोध आहे. पण खेळणें खेळण्यासाठीं असतें हें न्यायमूर्तींनीं गृहीत धरलें, तें आतां कितपत खरें? २००० सालीं हाँगकाँगमध्यें स्थापन झालेल्या 'हॉट टॉईज' या कंपनीचे शिपाई माणसाच्या सहाव्या हिश्श्याच्या मापाचे असतात. चिलखताच्या फटींतून काळें कापड दिसतें, सांधे माणसाच्या ढबीनें वळतात, बंदूक धरण्याचे हात वेगळे आणि मोकळे हात वेगळे. कारागिरी म्हणून पाहतां ती ब्रिटनच्या सर्वोत्तम पेटीसही मागें टाकील, हें मान्य केलें पाहिजे. उणीव एवढीच, कीं मुलाच्या हातीं तो देण्याची छाती होत नाहीं. जुन्या खेळण्यांच्या बाजारांत तर जें खोक्यांतून कधींच बाहेर निघालें नाहीं त्याला किंमत अधिक; ज्याच्याशीं कोणी खेळलें तें डागी माल.

या बाजारांतलें सर्वांत प्रसिद्ध रत्न 'बोबा फेट' या चिलखती वीराचें आहे. मुळांत तोही बड्या स्टॉर्मट्रूपरच्या रूपांतच कल्पिला होता. केनर कंपनी १९७९ सालीं त्याच्या पाठीवर स्प्रिंगनें उडणारें अग्निबाणाचें खेळणें बसविणार होती आणि जाहिरातही देऊन चुकली होती. इतक्यांत दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यांतला असाच बाण घशांत अडकून एक मूल दगावलें. केनरनें बाण कायमचा चिकटवून टाकला आणि मगच बाहुला विकला. कारखान्यांतले उडत्या बाणाचे कांहीं नमुने तेवढे बाहेर राहिले. २०२४ सालीं त्यांतल्या एकाला लिलावांत ५ लाख २५ हजार डॉलर आले.