गोलाईवरून उंची

शहापूरजवळच्या तानसा खोऱ्यातल्या सागवानात झाडमोजणी चालते तेव्हा शेंड्याकडे फारसं कुणी पाहत नाही. वनमजूर बुंध्याभोवती फीत फिरवतो, आकडा पुकारतो, वनरक्षक तो वहीत उतरवतो आणि मंडळी पुढच्या झाडाकडे वळतात. फीत लागते जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मापायचं. त्या मापाच्या खालीच दुबेळकं फुटलं असेल तर दोन झाडं धरायची. याला वनखात्यात ‘छातीउंची गोलाई’ म्हणतात. तळाशी खोड मुळांमुळे फुगलेलं असतं, छातीपाशी ते सरळ होतं आणि माणसाला वाकावंही लागत नाही. युरोपात हीच उंची 1.3 मीटर आहे, जपानात 1.2.

आपल्याकडे घेरावरून जंगल जोखण्याची रीत रुजवली डीट्रिश ब्रँडिस यांनी. हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ 1856 साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांवर देखरेखीसाठी नेमले गेले. हत्तीवर बसून ते डोंगरधारांवरून फिरत. हातात बांबूचे तुकडे असत, घेराच्या प्रत्येक वर्गासाठी एक. साग दिसला की खिशातल्या चाकूने त्या वर्गाच्या तुकड्यावर एक खाच. 6 फूट आणि त्याहून अधिक घेराची झाडं पहिल्या वर्गात जात. किती झाडं आज तोडायची आणि किती वाढू द्यायची, हे त्या खाचांवरून ठरू लागलं. 1864 साली ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि घेराचे वर्ग वनखात्याच्या अंगवळणी पडले.

पण लाकूड किती निघेल हे नुसत्या घेरावरून कळत नाही. त्याला उंची लागते, आणि दाट रानात प्रत्येक शेंडा मोजणं अशक्य. म्हणून वनशास्त्राने एक वाट काढली: प्रत्येक घेरवर्गातल्या मोजक्या झाडांची उंची नीट मोजायची, आलेखावर ठिपके मांडायचे, त्यांतून वक्र काढायचा आणि बाकीच्या झाडांची उंची त्या वक्रावरून वाचायची. स्वीडनच्या मॅनफ्रेड नॅस्लुंड यांनी 1936 साली पाइनच्या वनांतल्या विरळणीच्या प्रयोगांवर लिहिताना या वक्राला जे सूत्र दिलं, ते आजही जगभर वापरात आहे. झाड कोवळं असताना उंची झपाट्याने चढते. पुढे ती मंदावते, घेर मात्र भरतच राहतो. पाइन असो वा साग, वक्राचं वळण हेच. बदलतो तो त्याचा चढ.

तो चढ जागेवर ठरतो, आणि इथेच खरी मेख आहे. माहुलीच्या डोंगरावरच्या उथळ, खडकाळ मातीतला साग आणि ओढ्याकाठच्या खोल मातीतला साग एकाच घेराचे असले, तरी उंचीत बरोबरीचे नसतात. दाटीत झाडं उजेडासाठी वर धावतात, बांधावरचं एकटं झाड आडवं पसरतं. दुसऱ्या खोऱ्याचा वक्र तानसाला लावला तर हिशेब चुकणारच.

लाकडाच्या बाजारात आणखी एक जुनं माप मुरलेलं आहे. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढून वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या 1736 सालच्या कोष्टकांवरून हे माप ‘हॉपस’ म्हणून ओळखलं गेलं. 90 सेंटिमीटर घेराच्या ओंडक्याचा खरा छेद सुमारे 645 चौरस सेंटिमीटर भरतो, हॉपसच्या हिशेबात 506. साल आणि कापणीची तूट आधीच वजा केल्यासारखं हे माप असल्याने व्यापाऱ्याला ते सोयीचं. झाडाच्या मालकाने मात्र भाव कुठल्या मापाचा सांगितला जातोय, हे विचारून घ्यायलाच हवं. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली शेतकऱ्यांच्या जमिनींवर साग आहे आणि अशा झाडांच्या विक्रीसाठी राज्यात 1969 पासून वेगळा कायदा आहे. त्या मालकीच्या झाडांची किंमतही फितीच्या आकड्यापासूनच सुरू होते.

सागाचं हे झालं. ऐनाचं काय? भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला या भागात पिढ्यान्‌पिढ्या ऐनाचा टहाळ तोडून राब पेटवला जातो. या राबावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष होता, की 1885 साली सरकारला वन आयोग नेमावा लागला. टहाळासाठी वरचेवर छाटलेल्या ऐनाचा बुंधा भरत जातो, शेंडा मात्र तिथल्या तिथे. अशा झाडाला कुठलाच वक्र लागू पडत नाही.

त्याची उंची काठीनेच काढावी. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराइतकी काठी मुठीच्या वर उभी राहील अशी हात ताठ करून धरायची आणि सपाट जमिनीवर मागे सरकत जायचं. काठीचं वरचं टोक शेंड्याला आणि मूठ बुंध्याच्या तळाला टेकलेली दिसली की थांबायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर, तीच झाडाची उंची.