थायरॉइडची गाठ आणि एका नावाचा इतिहास

थायरॉइडची गाठ कॅन्सरची आहे हे ठरवायचे दोन निकष आहेत. एक, पेशींची केंद्रकं कशी दिसतात. दोन, गाठ आपलं वेष्टण फोडून बाहेर घुसली आहे का. आता समजा केंद्रकं कॅन्सरसारखी आहेत, पण वेष्टण शाबूत आहे. मग काय म्हणायचं?

१९७७ मध्ये चेन आणि रोसाई यांनी पॅपिलरी कॅन्सरच्या ‘फॉलिक्युलर व्हेरिएंट’वर शोधनिबंध लिहिला. या गाठींत बोटांसारखे उंचवटे नसतात, पण केंद्रकं पॅपिलरी कॅन्सरचीच : मोठी, फिकट, खाचा असलेली. तेव्हापासून केंद्रकांचं पारडं जड झालं. परिणामी वेष्टणातल्या गाठीही कॅन्सरमध्ये मोजल्या जाऊ लागल्या. अनेक रुग्णांची पूर्ण ग्रंथी काढली गेली, वर रेडिओआयोडीन, आणि आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी.

पण या गाठी खरंच पुढे पसरतात का? निकिफोरोव्ह यांच्या नेतृत्वाखाली ७ देशांतल्या २४ पॅथॉलॉजिस्टनी हेच तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. वेष्टणाबाहेर न गेलेल्या गाठींचे १०९ रुग्ण १० ते २६ वर्षं पाहिले गेले. रेडिओआयोडीन त्यांच्यापैकी कुणालाच दिलं नव्हतं. तरी सगळे जिवंत, आणि एकातही आजाराचा मागमूस नाही. वेष्टणात घुसखोरी केलेल्या १०१ रुग्णांपैकी मात्र १२ जणांना त्रास झाला. ५ जणांत आजार दूरच्या अवयवांत पसरला, त्यातले २ दगावले. म्हणून पहिल्या गटाच्या नावातून ‘कॅन्सर’ हा शब्दच काढला. नवं नाव एनआयएफटीपी.

संशोधन करू पाहणाऱ्यांनी इथे तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. पहिली, तुलनेचा गट. दुसऱ्या गटाशिवाय १०९ हा आकडा अर्धवटच राहिला असता. दुसरी, कालावधी. थायरॉइडचा कॅन्सर अनेक वर्षांनीही उलटू शकतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांचा फॉलो-अप इथे पुरला नसता. तिसरी, निकषाची मर्यादा. सुईने काढलेल्या पेशींत वेष्टण दिसतच नाही. गाठ काढून तिचं संपूर्ण वेष्टण सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय हे निदान करता येत नाही.

आणि हो, गोष्ट तिथेच थांबली नाही. २०१८ मध्ये निकष आणखी कडक झाले : आधी एक टक्क्यापेक्षा कमी पॅपिली चालत होत्या, त्या वर्षी मात्र खरी पॅपिली एकही नको असं ठरलं. रोगाचं नाव हीसुद्धा एक गृहीतकच असते, पुरावा बदलला की ती तपासावी लागते.