कै. रोहिणी भाटे यांची नृत्यविद्या

मंडळाच्या वर्धापनदिनी मुलींचे नाच आपण कौतुकाने पाहतो. परंतु नृत्याला सारे आयुष्य वाहिलेल्या एका मराठी बाईची माहिती पुष्कळजणींना नसते, म्हणून हे चार शब्द.

रोहिणीताईंचा जन्म १९२४ सालचा, पाटण्याचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या व १९४७ साली त्यांनी पुण्यातच ‘नृत्यभारती’ ही संस्था काढली. त्या काळी नाच म्हटला की लोकांना फड नाहीतर कोठी आठवे. घरंदाज मुलीने पायांत घुंगरू बांधले की पुढे तिचे लग्न कसे जमणार, ही आईबापांची पहिली काळजी. (फडावरच्या बायांचे कष्टही थोरच, पण त्यांना मान द्यावा असे आपल्यापैकी कितीजणींच्या घरी वाटले?)

रोहिणीताई आरंभी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम् शिकल्या. पुढे कथकासाठी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर हे गुरू लाभले, आणि हे शिक्षण वर्षानुवर्षे चालले. स्वतः गुरू झाल्यावरही त्यांनी शिष्यपण सोडले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

कथकात आधी ‘ता थेई थेई तत्’ हा ततकार पायांत मुरवावा लागतो. बोल हाताने ताल धरून तोंडाने म्हणायचे, त्याला पढंत म्हणतात, मग पायांनी. तीनतालाच्या मात्रा सोळा. पाच मात्रांचा तुकडा तिसऱ्या मात्रेपासून तीनदा घेतला, की शेवटचा बोल नेमका पुढच्या समेवर पडतो. ही तिहाई. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाण्याच्या वहीइतका चोख हा हिशेब मलाही पटला. इतके चोख असूनही मुद्रा हसरी हवी, दम लागलेला दिसता कामा नये!

खरी कसोटी पुढेच. कथकातल्या रचना बहुतेक हिंदी-ब्रज वळणाच्या. रोहिणीताईंनी कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ नृत्यात आणले. रंगमंचावर ना झाड, ना ढग. उन्हाळ्याची काहिली आणि पहिला पाऊस केवळ डोळ्यांनी, हातांनी, पदन्यासाने दाखवायचा. गुरूने दिलेले घोटणे निराळे आणि त्याच बोलांतून न पाहिलेले उभे करणे निराळे. त्यांनी लिहिलेही पुष्कळ. इसाडोरा डंकन या नर्तकीचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले. १९७९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००८ साली त्या वारल्या.

आपल्या नाशकात विष्णु दिगंबर पलुसकरांनी अखेरची वर्षे काढली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकाच्या परीक्षांना आज इथल्या मुली बसतात. मात्र दहावीचे वर्ष आले की पुष्कळ घरांत घुंगरू माळ्यावर जातात. मुलगा तबला शिकत असला, तर त्याचा तबला सहसा खालीच राहतो.