वाद्य, वादक आणि निवड

वादक आपल्या शैलीला साजेसे वाद्य निवडतो, असे आपण सहज म्हणून जातो. इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. गिब्सन कंपनीची १९५२ सालची ‘लेस पॉल’ जड, महोगनीची. १९५७पासून तिच्यावर सेथ लव्हर यांचे ‘हमबकर’ पिकअप आले. तारेची दोन वेटोळी उलटसुलट जोडल्याने विजेची घरघर नाहीशी होई आणि स्वर भरीव लागे. तरीही खप घटला आणि १९६१पर्यंत तो मूळ घाट बंद झाला. अशीच एक वापरलेली गिटार इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या हाती आली. मार्शल ॲम्प्लिफायर चढ्या आवाजावर ठेवून १९६६च्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी लांबत जाणारा, किंचित फाटलेला स्वर काढला. तंत्रज्ञांच्या कोशात ही ‘विकृती’च! तीच पुढे शैली ठरली, आणि १९६८मध्ये गिब्सनने टाकून दिलेला घाट पुन्हा बाजारात आणला. छंद कवीला निवडतो की कवी छंदाला, हा आपला जुना वाद. आम्हांला इथे वाद्याचे पारडे जड वाटते. क्लॅप्टन यांची ती लेस पॉल १९६६मध्येच चोरीस गेली. १९७०च्या ‘लायला’च्या वेळी त्यांच्या हाती फेंडरची, पातळ आणि धारदार स्वराची स्ट्रॅटोकास्टर होती, वादनही वेगळेच ऐकू येते.